विहारयात्रा आणि धम्मयात्रा : शालेय सहलीचा एक पाठ

निवासी शाळेतील विद्यार्थ्याच्या वर्षात सहलीचा दिवस कसा येतो, हे वसतिगृहात राहिल्यावाचून कळत नाही. सूचनाफलकावर तारीख लागली की मुले दिवस मोजू लागतात. पांढरे शर्ट धुऊन वाळत पडतात, पाण्याच्या बाटल्यांवर नावे लिहिली जातात. सहलीहून परतल्यानंतर दुसऱ्या दिवशी सायंवंदना झाली की सभागृहात अनुभवकथनाची सभा भरते. ज्यांनी पाहिले त्यांनी ज्यांना जाता आले नाही त्यांना सांगावे, हा तिचा साधा हेतू आहे. इतकी वर्षे इतिहास शिकविल्यानंतर माझे असे मत झाले आहे की सहल ज्या दिवशी निघते त्या दिवशी ती अर्धीच असते. तिचा उरलेला अर्धा भाग या सभेत पुरा होतो. हे मत कशामुळे झाले, ते या लेखात मांडावयाचे आहे.

सम्राट अशोकाने केलेला भेद

प्रवासाचे दोन प्रकार आपल्या देशात प्रथम कोणी लेखी सांगितले असतील, तर ते सम्राट अशोकाने. त्याच्या आठव्या शिलालेखात विहारयात्रा आणि धम्मयात्रा असा स्पष्ट भेद आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. त्या यात्रेत शिकार आणि तत्सम करमणुकी असत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेथून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रेत काय करावयाचे, तेही लेखात नमूद आहे : श्रमणांची व ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना साहाय्य, आणि ग्रामीण जनतेला भेटून तिच्याशी धम्माविषयी संवाद.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावी लागते. ‘विहार’ हा शब्द ऐकताच आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर बुद्धविहार उभा राहतो. अशोकाच्या लेखात मात्र विहार म्हणजे मौजेचे भटकणे. शब्द तोच असला तरी काळ बदलला की अर्थ बदलतो, हा इतिहासाचा पहिलाच धडा येथे मिळतो. दुसरी गोष्ट आपल्या प्रदेशाच्या अभिमानाची आहे. याच आठव्या लेखाचा एक तुकडा 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सापडला. आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या त्या प्राचीन बंदरात देशोदेशीचे व्यापारी उतरत. यात्रा कशी करावी हे सांगणारा लेख प्रवाशांच्या वर्दळीच्या गावी उभा असावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

चारिका आणि विचारपूस

धम्माच्या परंपरेत चालणे हे शिकण्याचेच अंग मानले आहे. तथागतांनी पहिल्या साठ अर्हतांना बहुजनांच्या हितासाठी चारिका करण्यास सांगितले आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असेही सुचविले. वाटा निराळ्या असल्या की अनुभव निराळे येतात आणि परतल्यावर एकमेकांना सांगण्यासारखे काही असते. दूरवरून आलेल्या भिक्खूंची तथागत आधी विचारपूस करीत. प्रकृती बरी आहे ना, वाटेत फार शीण तर झाला नाही ना, भिक्षेची अडचण तर पडली नाही ना, असे ते विचारीत. उपदेश त्यानंतर. आलेल्या माणसाला आधी बोलू द्यावे, ही शिस्त प्रत्येक शिक्षकाने उचलण्याजोगी आहे.

प्रवाशाने नीट पाहून नीट सांगितले, तर त्याचे मोल किती होते याचे उदाहरण म्हणजे ह्युएन त्संग. इ. स. 629 मध्ये निघालेला हा चिनी भिक्खू 645 मध्ये मायदेशी परतला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला. कोणत्या नगरापासून कोणत्या दिशेला किती अंतरावर कोणता स्तूप आहे, हे तो लिहून ठेवीत गेला. पुढे बाराशे वर्षांनी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच्या वृत्तांताचा आधार घेत जमिनीखाली गेलेली बौद्ध स्थळे शोधली. ह्युएन त्संगाने केवळ ‘फार सुंदर होते’ एवढेच लिहिले असते, तर कनिंगहॅम यांना त्याचा काय उपयोग झाला असता?

बाबासाहेबांच्या दोन प्रवासकथा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलेल्या प्रवासकथांना आपण प्रवासवर्णन म्हणत नाही, परंतु त्या वाचल्याखेरीज आपल्या मुलांनी सहलीस निघू नये असे मला वाटते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या लहानशा पुस्तिकेत त्या आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती 1990 मध्ये प्रसिद्ध केली.

पहिला प्रवास 1901 च्या सुमाराचा. वडील गोरेगावी नोकरीवर होते आणि साताऱ्याहून मुले त्यांच्याकडे निघाली होती. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा आनंद! मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकावयास तयार होईना. अखेर मुलांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान बरोबर चालत राहिला. जवळ खाण्याचे पदार्थ होते, पण पाणी मिळाले नाही म्हणून ती रात्र उपाशीपोटी गेली.

दुसरा प्रवास 1934 चा, आणि तो खऱ्या अर्थाने सहलीचाच होता. वेरूळची लेणी पाहावयाची म्हणून चळवळीतील सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तळे बाटविले म्हणून तेथे गलका उठला, जमाव जमला. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. तोवर महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे झाली होती आणि बाबासाहेब गोलमेज परिषदांना जाऊन आले होते.

या दोन्ही प्रवासांत बाबासाहेबांनी काय केले? जे घडले ते स्थळ, माणसे आणि क्रम यांसह लिहून ठेवले. शब्द चढविले नाहीत आणि तपशील गाळला नाही. म्हणूनच त्या आठवणी आज साक्षीचे काम करतात.

माझ्या हातून बिघडलेली एक सहल

हे सारे ठाऊक असूनही माझ्या हातून चूक झाली, ती प्रांजळपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी एकाच दिवशी पाहण्याचा घाट घातला. कार्ल्याच्या चैत्यगृहापाशी एक वाटाड्या प्रवाशांना सांगत होता, की हे सारे पांडवांनी एका रात्रीत कोरले. मला राहवले नाही. मी त्याला अडविले, आवाज चढला, माणसे जमली. त्यात पाऊण तास गेला. पुढे भाजे घाईघाईने उरकले, बेडसे राहूनच गेले, आणि लोणावळ्याला चिक्की घेऊन आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत मुले मोठ्या उत्साहाने बोलली. सरांनी त्या माणसाला कसे गप्प केले, हे एकामागून एक सहा जणांनी सांगितले. मग मी विचारले, “पांडवांनी कोरले नाही, तर मग कोणी कोरले?” सभागृह शांत झाले. “आपल्या लोकांनी,” एवढेच उत्तर आले. कोण ते लोक, त्यांची नावे काय, कशावरून, हे एकालाही सांगता येईना. मी वाद जिंकला होता. परंतु मुलांच्या हाती पुरावा दिला नव्हता. एका ऐकीव गोष्टीच्या जागी मी दुसरी ऐकीव गोष्ट ठेवली होती. विहारयात्रा केवळ मौजेनेच होते असे नाही. ती नुसत्या अभिमानानेही होते, हे त्या सायंकाळी मला उमगले.

दगडावरची नावे

पुढच्या खेपेस दोनच लेणी ठरविली आणि निघण्यापूर्वी तीन आठवडे रोज पंधरा मिनिटे ब्राह्मी अक्षरे गिरविली. जेम्स प्रिन्सेप यांना 1837 मध्ये सांचीच्या लेखांवरून ब्राह्मीची किल्ली कशी सापडली, ती हकीकत सांगितली. अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुनःपुन्हा येत होती. तो शब्द ‘दानं’ असावा, असे त्यांनी ताडले. ब्राह्मीतील ‘न’ म्हणजे आडव्या रेषेवर उभी रेष. मुलांना तो एका दिवसात आला.

सकाळी मळवलीहून भाजे गाठले. डोंगरात बावीस लेणी आहेत, त्यांतील चैत्यगृह इ. स. पू. दुसऱ्या शतकातील. खांब किंचित आत कललेले, कारण लाकडी बांधकामाची घडण दगडात जशीच्या तशी उतरविली आहे. बाजूला चौदा स्तूपांचा समूह आहे आणि त्यांतील काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. पाण्याच्या एका टाक्यावर महारथी कोसिकीपुत विण्हुदत याने ती ‘पोढी’ दान दिल्याचा लेख आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. नाणेघाटातही सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पोढीचा लेख आहे. डोंगर चढून आलेल्या माणसाला पाणी मिळावे म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी खडक फोडला. त्या टाक्यापाशी मुलांना बसवून मी दौलताबादच्या हौदाची हकीकत वाचून दाखविली. त्यावर भाष्य करण्याची गरज पडली नाही.

दुपारी कार्ले. आई एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या कोळी बांधवांच्या रांगेलगत आम्हीही पायऱ्या चढलो. भारतातील हे सर्वांत मोठे शैलचैत्यगृह सुमारे एकशे चोवीस फूट लांब आहे. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, अशी नोंद लेखात आहे. पण भूतपाल एकटा नव्हता. खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने आहेत, भिक्षुणींची दाने आहेत. दारापाशी सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. आणि तेथेच वेणुवासाचा पुत्र सामी याचे नाव आहे. त्याने दाराची घडण केली. तो ‘वढकि’, म्हणजे सुतार होता.

मी ‘वढकि’ शब्द उच्चारताच विदर्भातून आलेली आठवीतील एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या गावाकडे सुताराला वाढईच म्हणतात.” क्षणभर मला काय बोलावे ते सुचेना. दोन हजार वर्षांचा शब्द त्या मुलीने आपल्या घरातून आणून दगडाशेजारी ठेवला होता. ‘लेणे’ हा शब्दही असाच. प्राकृत लेखांतला ‘लेण’ आपण आजही बोलतो.

दुसऱ्या दिवशी सभेत तीच मुलगी प्रथम उभी राहिली. तिचे वडील बांधकामावर मजुरी करतात. ती म्हणाली, “माझ्या वडिलांनी पुष्कळ घरे बांधली. एकाही घरावर त्यांचे नाव नाही. सामी सुताराचे नाव मात्र मी वाचले.” त्या सभेत पांडवांचा विषय कोणी काढला नाही. काढण्याचे कारणच उरले नव्हते.

सांगण्याची शिस्त

या अनुभवातून आमच्या सभेसाठी काही नियम आपोआप तयार झाले. इतर शाळांना उपयोगी पडावेत म्हणून ते येथे देतो.

1. निघण्यापूर्वी स्थळाविषयी एक तरी प्रश्न वहीत लिहून घ्यावा. प्रश्नाशिवाय गेलेला विद्यार्थी केवळ गर्दीत भर घालतो.

2. दिवसाला एक किंवा दोनच स्थळे पाहावीत. छायाचित्र काढण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते पाहावे.

3. स्वतः पाहिलेले, वाचलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहावे. ऐकीव गोष्ट सांगताना ती ऐकीव आहे असे सांगावे.

4. भिंतीवर आपले नाव कोरू नये. 1819 मध्ये अजिंठ्याला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरले. ते आजही आहे आणि कोणालाही भूषणावह वाटत नाही. सामीचे नाव त्याने केलेल्या कामाशेजारी आहे. हा फरक मुलांना समजावून द्यावा.

5. तेथे भेटलेल्या एका तरी माणसाशी बोलावे. पहारेकरी, ताक विकणारी बाई, शेतकरी, कोणीही चालेल. अशोकाच्या धम्मयात्रेत जनतेची भेट हा भाग होता.

6. चुकीचे सांगणारा भेटला तर भांडू नये. त्याला लेखापाशी न्यावे आणि वाचून दाखवावे.

7. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी सांगावे. आजारपणाने किंवा पैशांअभावी मागे राहिलेला मित्र ऐकताना डोळ्यांसमोर असला, की कथन आपोआप प्रामाणिक होते.

आमच्या आजोबा-पणजोबांना गावाची वेस ओलांडताना विचार करावा लागे. वाटेत पाणी कोण देईल, रात्री कोठे टेकता येईल, हे त्यांचे प्रश्न होते. आज आमची मुले बसमधून गाणी गात लेण्यांपर्यंत जातात आणि कोणत्याही नळावर पाणी पितात. हा हक्क मिळविण्यासाठी काय मोजावे लागले, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. आणि तो हक्क केवळ फिरण्याचा नाही. पाहिलेले खरेपणाने सांगण्याचाही आहे. सामीचे नाव खडकावर राहिले म्हणून आपल्याला कळले. खडकावर न राहिलेली नावे कोणी तरी वहीत लिहावी लागतील. ते काम या शाळेतील मुलांनी करावे, एवढीच अपेक्षा.