उच्चरक्तदाबाची औषधे आणि बलव्यायाम

रक्तदाबाची गोळी चालू असताना वजने उचलावीत काय, असा प्रश्न साजगाव-खोपोली परिसरातील रुग्ण आम्हांस वारंवार विचारतात. कोणी व्यायामशाळेत नाव घातलेले असते, कोणास सुगीत भाताची पोती उचलावी लागतात. सरसकट मनाई करणे आम्हांस योग्य वाटत नाही. नियमित, मध्यम बलव्यायामाने विश्रांतीचा रक्तदाब थोडा उतरतो. मात्र वजन उचलतेवेळी तो चढतो आणि श्वास कोंडल्यास फारच चढतो. १९८५ साली मॅकडुगल व सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट मापन केले, तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी ३२०/२५० इतका दाब आढळला. आणि ते निरोगी तरुण होते.

मात्रा ठरविताना नाडीच्या गतीवर विसंबू नये. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा-रोधक द्रव्ये हृदयगती दाबून ठेवतात. श्रम वाढले तरी नाडी त्या प्रमाणात वाढत नाही. येथे वाग्भटोक्त अर्धशक्तीचा दंडक खरा उपयोगी पडतो. कपाळ, नाक व काखेत घाम आला, तोंडास कोरड पडू लागली की थांबावे. वजन उचलताना रुग्णास मोठ्याने आकडे मोजण्यास सांगावे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. अॅम्लोडिपिन घेणाऱ्याने व्यायाम एकदम थांबवू नये, काही मिनिटे चालावे. अन्यथा भोवळ येते. त्या दिवशी विश्रांतीतील दाब १८०/११० वा अधिक असल्यास वजनास हात लावू नये.

औषधालयचालकांनीही दक्ष असावे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या लेखाने सर्पगंधा जगास परिचित झाली. तिचा गुण खरा आहे, म्हणूनच बीटा-रोधकाबरोबर ती दिल्यास नाडी व दाब दोन्ही अति खाली जाऊ शकतात. याउलट ‘बल्य’ म्हणून दीर्घकाळ दिलेले यष्टिमधु दाब वाढविते व पोटॅशियम घटविते. मूत्रल गोळी चालू असल्यास ही घट अधिक होऊन स्नायू दुर्बल होतात. (साजगावच्या कार्तिकी यात्रेतील सुक्या बोंबलांच्या मिठाचीही चौकशी करावी!)

व्यायामाने दाब उतरला म्हणून रुग्ण स्वतःच गोळी सोडतो. बीटा-रोधक एकाएकी सोडल्यास दाब उसळतो, हृच्छूलही उद्भवू शकतो. अशा वेळी आठवडाभराची सकाळ-सायंकाळची मोजमापे लिहून ती मूळ चिकित्सकाकडे पत्रासह पाठवावीत. मात्रा त्यांनीच क्रमाने कमी करावी.