टोमॅटोच्या प्लॉटमध्ये हात काळे का होतात?

प्रश्न : टोमॅटोचे फुटवे काढले किंवा बांधणी केली की हात आधी हिरवट-पिवळे आणि मग काळपट, चिकट होतात. साबण लावला तर फेसही पिवळा निघतो. हा फवारणीच्या औषधाचा डाग की झाडाचा चीक?
– एक वाचक, पिंपळवंडी (ता. जुन्नर)

उत्तर : डाग झाडाचाच आहे, पण तो चीक नव्हे. चीक खोडाच्या आतून येतो. हा लेप बाहेरच्या लवेतून येतो. कोवळा शेंडा भिंगाखाली धरा. लांब केसांच्या अधेमधे आखूड केस दिसतील आणि त्यांच्या टोकाला चमकणारे गोळे. या ग्रंथी. त्यातली एक जात चार पेशींची, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. हात घासला की ती फुटते. टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास येतो तो तिच्यातल्या टर्पीन या उडून जाणाऱ्या तेलांचा. पिवळा रंग रुटीनसारख्या फ्लॅव्होनॉइडांचा. हवा लागली की तो काळवंडतो. चिकटपणा येतो तो मुख्यतः ॲसिलशुगरमुळे, म्हणजे साखरेला जोडलेल्या मेदाम्लांमुळे.

हा सगळा खटाटोप किडींसाठी. बारीक किडीचे पाय या लेपात अडकतात. पेरूकडच्या ‘सोलॅनम पेनेलाय’ या रानटी टोमॅटोवर ॲसिलशुगर भरपूर असते, म्हणून पांढरी माशी तिथे सहसा टिकत नाही. तोच गुण लागवडीच्या टोमॅटोत उतरवण्याचं काम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झालं आहे.

आपल्याकडच्या हरभऱ्याची आंब याच जातकुळीतली. पहाटे पिकावरून धडपं फिरवून ती पिळून घेत. तीही पानांवरच्या ग्रंथींतूनच पाझरते. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते.

आता हात धुण्याविषयी. साबण अल्कधर्मी असतो आणि त्याने फ्लॅव्होनॉइडांचा पिवळा रंग आणखी गडद होतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तसंच हे. म्हणून आधी लिंबू किंवा फुटका टोमॅटो चोळा आणि मग साबण लावा. डागाने सहसा अपाय होत नाही. हाताला खाज किंवा पुरळ आलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा. नुकती फवारणी झालेली असेल तर डागाबरोबर औषधही हाताला लागतं. तेव्हा हातमोजे घालूनच बांधणी करा.