तांदळाचा रंग की अ‍ॅक्रिलिक?

प्रश्न : वारली चित्रातली माणसं, झाडं, घरं मला जमतात. आता मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या पुढच्या वर्गाला जाते. तिथे अ‍ॅक्रिलिक देतात. घरी तांदळाच्या रंगाने कापडावर काढलं, की पापुद्रे सुटतात. अ‍ॅक्रिलिकचं चित्र खोटं ठरतं का?
– एक वाचक, रानशेत (ता. डहाणू)

उत्तर : ताई, मुळीच नाही. तुमच्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी भिंतीवरची कला कागदा-कापडावर नेली. त्याने ती कमअस्सल झाली नाही.

पापुद्रे बहुधा जाड रंगामुळे, कमी डिंकामुळे किंवा कापडाची घडी घातल्यामुळे सुटतात. भिजवलेले तांदूळ गंधासारखे बारीक वाटा, फडक्यातून गाळा. विरघळवलेला डिंक थोडा थोडा घालत, शेणाने सारवलेल्या चिंधीवर रेघ ओढून पाहा. वाळल्यावर बोटाला पांढरं लागलं तर डिंक वाढवा, रेघ तडकली तर पाणी. चित्र गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा अधूनमधून उघडून वारा द्या. लांब पाठवायचं असेल, तर अ‍ॅक्रिलिकच बरं.

वर्गात मात्र मांडणीकडे लक्ष द्या, खरी अडचण तिथेच येते. तारपा नाचाचं वेटोळं पेन्सिलीने न आखता काढा, दोन आकृत्यांमधली जागा मोकळी राहू द्या. आणि लग्नाचा चौक हा सवाशिणींनी काढायचा विधी आहे. तो सरावासाठी काढण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा.