सुईमागील हात

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायांत यापो येथील टबीथा, म्हणजेच दुर्कस, हिची हकीकत आहे. ती मरण पावली तेव्हां गांवांतील विधवा पेत्राजवळ रडत उभ्या राहिल्या आणि तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. दुर्कसेचें एकही भाषण कोठें नमूद नाहीं. तिच्या शिवणाची साक्ष मात्र आजवर राहिली आहे. शिवणाऱ्या हाताला असे साक्षीदार क्वचितच लाभतात. आपण रोज वस्त्रें नेसतों, रात्रीं गोधडी पांघरतों. परंतु त्यांवरील नक्षी कोणी योजली व टांके कोणी घातले, हें सहसा विचारीत नाहीं. आज ज्या बाईंची ओळख आम्ही विद्यार्थ्यांना करून देणार आहों, त्यांचें आयुष्य नक्षी, सुई व खेडें यांच्या संगतींत गेलें. आणि त्यांचें नांवही पुष्कळ वर्षें दुसऱ्या एका थोर नांवाच्या सावलींत झांकलेलें राहिलें.

मे मॉरिस यांचा जन्म २५ मार्च १८६२ रोजीं इंग्लंडांत बेक्स्लीहीथ येथें झाला. त्यांचे वडील विल्यम मॉरिस हे कवि होते. शिवाय छापील कापड, गालिचे व भिंतींवर चिकटवावयाचे कागद यांवरील नक्षी काढणारे म्हणून त्यांची मोठी ख्याति होती. यंत्रावर भराभर निघणारा स्वस्त माल त्या काळीं इंग्लंडांतील घराघरांत शिरला होता. त्यांत नक्षी काढणारा एक, छापणारा दुसरा व शिवणारा तिसरा; एकाला दुसऱ्याच्या कामाची जाण नसे. ही फारकत मॉरिस यांना मान्य नव्हती. ज्यानें नक्षी काढावी त्यानें रंग, माग व सुई यांचीही ओळख करून घ्यावी, असा त्यांचा बाणा होता. म्हणून त्यांनीं व त्यांच्या पत्नी जेन यांनीं जुन्या भरतकामाचे नमुने मिळविले आणि त्यांतील टांके उसवून ते कसे घातले आहेत हें शोधून काढलें. जेन व त्यांची बहीण बेसी या दोघी पुढें या कलेंत निष्णात झाल्या. आई व मावशी यांच्याजवळ बसूनच लहानग्या मे हिनें सुई हातीं धरली.

१८७१ सालीं मॉरिस यांनीं टेम्स नदीजवळील केल्म्स्कॉट या खेड्यांत एक जुनें दगडी घर भाड्यानें घेतलें. मे तेव्हां नऊ वर्षांची होती. लंडनच्या धुरांतून येणाऱ्या या कुटुंबाला तेथील कुरणांनीं, ओढ्यांनीं व फळबागेनें जणूं नक्षीची वहीच उघडून दिली. बागेंतील स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर जाळें घालीत. तरी कस्तूर जातीचे पक्षी त्याखालीं शिरून पिकलेलीं फळें पळवीत. माळी चिडून त्यांच्या माना मुरगळण्याची भाषा करी; परंतु एकाही पाखराला हात लावावयाचा नाहीं, अशी मॉरिस यांची ताकीद असे. या चोरट्या पाखरांवरूनच त्यांनीं १८८३ सालीं 'स्ट्रॉबेरी थीफ', म्हणजे स्ट्रॉबेरीचोर, या नांवाचें प्रसिद्ध छापील कापड तयार केलें. चार वर्षांनीं त्यांनीं विलोच्या पानांची नक्षी काढली. ओढ्याकांठीं फिरतांना वडील आपणांस या झाडाच्या पानांचे बारीक आकारभेद दाखवीत असत, असें मेबाईंनीं पुढें लिहून ठेविलें आहे. दारचें झाड रोज पाहणें निराळें आणि त्याचें पान देठाशीं कसें वळतें हें न्याहाळणें निराळें. या मुलीला दुसरी संवय बाळपणींच लागली.

अशी नक्षी कापडावर उतरविणें मात्र सोपें नव्हतें. १८८१ सालापासून मॉरिस यांचा कारखाना मर्टन ॲबी येथें वँडल नदीच्या कांठीं होता. तेथें स्ट्रॉबेरीचोराचें सबंध कापड आधीं निळींत बुडवीत. हौदांतून काढतांच तें हिरवट दिसे आणि वारा लागला म्हणजे निळें होई. मग लांकडी ठशांनीं त्यावर रंग उडविणारें द्रव्य छापीत. त्यायोगें जेथें पांढरें हवें तेथील नीळ पूर्ण जाई व जेथें फिकें हवें तेथील अर्धवट जाई. नंतर मोकळ्या जागीं मंजिष्ठेचा तांबडा व एका वनस्पतीचा पिंवळा रंग चढवीत. मधून मधून धुणें व सुकविणें चालूच. या साऱ्यास अनेक दिवस लागत. बाजारांतील कृत्रिम रंग यापेक्षां लौकर चढत. परंतु मॉरिस यांनीं ही जुनी वाट श्रम घेऊन पुन्हां शिकून घेतली होती.

अशा घरांत वाढलेली मे साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेंत शिकली. १८८३ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तिनें 'हनीसकल' या सुगंधी वेलीची नक्षी भिंतीच्या कागदासाठीं काढली. १८८५ सालीं वडिलांच्या पेढीच्या भरतकाम-विभागाची सर्व जबाबदारी तिजवर आली; तेव्हां तिला तेवीस वर्षें पुरीं झालीं होतीं. नक्षी काढणें, धाग्याचे रंग निवडणें, खर्चाचा अंदाज बांधणें, हाताखालील मुलींना टांके शिकविणें, तयार कामाची पारख करणें, हा मेबाईंचा रोजचा उद्योग झाला. लग्नानंतर लंडनांतील हॅमरस्मिथ येथील आपल्या राहत्या घरींच त्या ही कामशाळा चालवीत. कवि यीट्स यांची बहीण लिली हीही कांहीं वर्षें तेथें काम करीत होती. पेढी कांहीं काम अर्धवट स्थितींतही विकी: कापडावर नक्षी उतरवून एका कोपऱ्यांत सुरुवात करून द्यावयाची आणि बाकीचें काम घेणारीनें घरीं पुरें करावयाचें.

नक्षी कापडावर उतरविण्याची रीत विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. कागदावरील रेषांवर सुईनें बारीक छिद्रें पाडावयाचीं. कागद कापडावर पसरून कोळशाची अथवा खडूची पूड पुरचुंडीनें त्यावर घासावयाची. खालीं ठिपके उमटले म्हणजे ते रंगाच्या रेषेनें पक्के करावयाचे. आपल्या देशांतील भरतकाम करणारे कारागीरही हीच युक्ति वापरतात. परंतु रेषा उतरली म्हणजे काम झालें असें नाहीं. वळणदार देंठाला साखळीटांका शोभतो, कारण तो वळणाबरोबर वळतो. पान भरतांना टांक्याची दिशा मधल्या शिरेला धरून न ठेवली तर पान मेल्यासारखें दिसतें. पांघरुणावर फार लांब टांका घातला तर तो रोजच्या वापरांत अडकून तुटतो. म्हणजे जिनें स्वतः टांका घातलेला नाहीं तिला कोणती रेषा काढावी हेंही कळावयाचें नाहीं. चित्रकाराप्रमाणें झाडावरील प्रत्येक पान दाखवून चालत नाहीं. दहा पानांतील नऊ सोडून एक निवडावें लागतें. मेबाईंनीं आपली ही विद्या गुप्त न ठेवतां १८९३ सालीं 'डेकोरेटिव्ह नीडलवर्क' या पुस्तकांत प्रसिद्ध केली.

त्यांच्या कामांत मला सर्वांत आवडतात तीं घरचींच दोन कामें. एक म्हणजे सुमारे १८९० सालीं केलेलें तान्ह्या मुलाच्या पाळण्याचें भरजरी नव्हे, पण मायेचें पांघरूण: मध्यें शेतघर व सभोंवार रान आणि प्राणी, नक्षी मुलीची व भरतकाम आईचें. दुसरें म्हणजे केल्म्स्कॉट येथील वडिलांच्या जुन्या पलंगाचे पडदे. त्यांवर जाळीवर चढलेले वेल व पक्षी आहेत; आणि वरच्या झालरीवर वडिलांनीं त्या पलंगासाठीं रचलेली कविता अक्षर अक्षर टांक्यांनीं लिहिली आहे. हें काम मेबाईंनीं व त्यांच्या सोबतिणींनीं मिळून केलें. त्याच पलंगाच्या पलंगपोसावर जेन यांनीं आपलें नांव सुईनें भरून ठेविलें. शिवणारीचें नांव शिवणावरच असावें ही गोष्ट किती साधी, आणि किती विरळ!

कारण मेबाईंच्या वांट्यास नेमकें उलटें आलें. त्यांच्या कित्येक नक्षी लोक विल्यम मॉरिस यांच्याच समजत. हनीसकलच्या नक्षीचीही तीच गत झाली. कारागिरांचा जो प्रमुख संघ त्या वेळीं लंडनांत होता, त्यांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून १९०७ सालीं त्यांनीं इतर भगिनींबरोबर स्त्री-कलावंतांचा निराळा संघ स्थापन केला. १९०९-१० सालीं अमेरिकेंत जाऊन त्यांनीं व्याख्यानें दिलीं. नंतर १९१० ते १९१५ या काळांत त्यांनीं वडिलांचे समग्र ग्रंथ २४ खंडांत संपादून प्रसिद्ध केले. पितृभक्तीचें हें केवढें काम! पण त्यानें वडिलांचेंच नांव अधिक उजळलें. आपण कांहीं सामान्य बाई नव्हतों, परंतु तुम्हां कोणालाच तसें वाटलें नाहीं, अशा अर्थाचें वाक्य १९३६ सालीं त्यांनीं आपले जुने स्नेही बर्नार्ड शॉ यांस पत्रांत लिहिलें. त्यांत गर्व नाहीं. पन्नास वर्षें साठलेलें दुःख आहे.

१९२३ सालापासून त्या केल्म्स्कॉट येथेंच कायमच्या राहिल्या. खेड्यांत वडिलांच्या स्मरणार्थ सभागृह व्हावें म्हणून त्या झटल्या. १९३४ सालीं शॉ यांच्याच हस्तें तें उघडण्यांत आलें. १७ ऑक्टोबर १९३८ रोजीं त्या निवर्तल्या. २०१७ सालीं लंडनांतील विल्यम मॉरिस यांच्याच नांवाच्या संग्रहालयांत केवळ मेबाईंच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरलें. मृत्यूनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनीं ही मुलगी बापाच्या घरांत स्वतःच्या नांवानें उभी राहिली.

आतां आपल्या घरांकडे वळूं. केल्म्स्कॉटच्या पांघरुणाची बहीण आपल्या प्रत्येक घरीं आहे. कोठें तिला गोधडी म्हणतात, कोठें वाकळ. जुनें लुगडें, विटलेलें धोतर, मुलांचे तोकडे झालेले कपडे घडीवर घडी रचून जमिनीवर पसरावयाचे आणि धावदोऱ्यानें ओळीमागून ओळ भरीत जावयाचें. कोणी सरळ ओळी घालतात, कोणी कडेपासून आंत आंत चौकोन नेतात. तांबड्या तुकड्याशेजारीं कोणता तुकडा लावावा हें ठरविणारी आजी कोणत्याही कलाशाळेंत गेलेली नसते. पण ती नक्षी काढणारीच असते. माझ्या बाळपणीं आमच्या घरीं कोणी पाहुण्यानें गोधडी कोणी शिवली असें विचारलें तर "घरचीच आहे" एवढेंच उत्तर मिळे. आजी शेजारींच बसलेली असे. तिचें नांव घ्यावें असें आम्हांपैकीं कोणालाही सुचलें नाहीं; आज तें सुचतें, पण आतां ती नाहीं.

म्हणून मुलांनो, या सुटींत दोन गोष्टी करा. पहिली: परसांतील एखादें पान चांगलें निरखून वीतभर कापडावर उतरवा आणि तें स्वतः भरून पाहा. मुलग्यांनींही हें करावें. विल्यम मॉरिस यांना सुई धरण्याची लाज वाटली नव्हती. दुसरी: घरांतील सर्वांत जुनी गोधडी आईजवळ अथवा आजीजवळ घेऊन बसा आणि विचारा, हा तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हा कोणत्या सालचा, टांके कोणाचे. मग तिच्या कोपऱ्यांत तें नांव दोऱ्यानें भरा. पालकांनाही आमची विनंति आहे कीं, या कामीं त्यांनीं मुलांना वेळ द्यावा.

यापोच्या विधवांनीं दुर्कसेचीं वस्त्रें दाखविलीं तीं ती गेल्यानंतर. आपल्या घरची दुर्कस अजून जवळ बसली आहे. तिचें नांव आपण तिच्या देखतच घेऊं या.