सोलापुरात जुनी सेडान घेताना

होंडा सिटी, मारुती सियाझ, ह्युंडाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हेन्टो, स्कोडा रॅपिड या मध्यम आकाराच्या सेडान आठ-दहा वर्षांच्या झाल्या की नव्या लहान गाडीपेक्षाही कमी पैशांत मिळतात. किंमत उतरते, खर्चाचा दर्जा मात्र उतरत नाही. टायर, क्लच, हेडलाइट, शॉक ॲब्सॉर्बर यांचे दर गाडी नवी असताना ज्या वर्गातली होती त्याच वर्गाचे राहतात. त्यामुळे खरेदीच्या रकमेशिवाय पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम हाताशी नसेल, तर स्वस्तात मिळालेली सेडानही परवडत नाही.

सोलापुरात तपासणीची सुरुवात कूलिंगपासून व्हावी. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि इंजिनाचा कमकुवतपणा त्याच दिवसांत उघडा पडतो. कूलंट कमी झाले की त्यात बोअरचे पाणी ओतण्याची सवय अनेकांना असते. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, थर्मोस्टॅट अडकतो, पाण्याचा पंप गंजतो आणि अखेर हेड गॅस्केट जाते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून आतला द्रव पाहावा. तो गंजासारखा तांबूस असेल किंवा त्यावर तेलाचा तवंग असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसणे हीही धोक्याची खूण आहे. मात्र थंडीत थोड्या अंतराच्या फेऱ्यांनीही असा फेस धरतो, म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

प्रस्तुत लेखकाच्या घरी आलेल्या सेडानची चाचणी डिसेंबरच्या सकाळी झाली होती. काटा मधोमध स्थिर होता, आवाज स्वच्छ होता. मार्चअखेर भर दुपारी एसी लावून पुण्याकडे निघाल्यावर मोहोळच्या पुढे काटा लाल रेषेला भिडला. हेड उतरवून घासून घ्यावे लागले आणि रेडिएटर नवा बसवावा लागला. विक्रेत्याने दाखवलेल्या सर्व्हिसच्या पावत्यांत ऑइल आणि फिल्टर होते, कूलंटचा उल्लेख एकदाही नव्हता. दुपारच्या उन्हात एसी सुरू ठेवून गाडी वीसेक मिनिटे जागेवर चालू ठेवली असती आणि पंखा वेळेवर सुरू-बंद होतो का हे पाहिले असते, तर हा दोष आधीच कळला असता. हिवाळ्यात गाडी घेणाऱ्याने तर ही चाचणी मुळीच टाळू नये.

मीटर मागे फिरवणे सोपे असल्याने कमी रनिंगच्या दाव्याला पुरावा हवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला चॅसिस क्रमांकावरचा इतिहास मागावा आणि ब्रेक पेडलचे रबर, स्टिअरिंग, चालकाच्या आसनाची कड यांची झीज त्या आकड्याशी ताडून पाहावी. टायरच्या बाजूला चार अंकी संकेत असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पुरात बुडालेली गाडी रंगरंगोटीत लपते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि सप्टेंबर २०२५मध्ये सीनाकाठी पूर आला होता, तेव्हा त्या भागांतल्या गाड्यांचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधावी, स्टेपनीचा खड्डाही पाहावा.

इंधन वापराप्रमाणे निवडावे. शहरातल्या शहरात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या होणार असतील, तर २०२० नंतरची बीएस-६ डिझेल सेडान घेऊ नये. तिच्या धुराड्यातला फिल्टर साफ व्हायला सलग लांबची धाव लागते. दर आठवड्याला पुणे गाठणाऱ्यासाठी तीच गाडी योग्य ठरू शकते. पेट्रोलचा हिशेब असा: वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १४ किलोमीटर आणि १०५ रुपये दर धरला, तर इंधनालाच सुमारे ९० हजार लागतात. वीस टक्के इथेनॉलमुळे यात थोडी भर पडते. दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या गाड्यांत मायलेजची सहा-सात टक्के घट नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच मांडली होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर तो उघडणारा जाणकार सोलापुरात आहे की अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यालाच न्यावा लागेल, हे टोकन देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

कागदपत्रांत हयगय सर्वांत महागात पडते. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ हवा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या व्यवहाराची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत द्यायची असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच फिरवण्याची रीत विक्रेत्याच्याच गळ्याशी येते: नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच ठेवली. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्ता वाढतो.

विजयपूर आणि कलबुर्गी जवळ असल्याने केए-२८ आणि केए-३२ क्रमांकांच्या गाड्या स्वस्त सांगून समोर येतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची गाडी येथे पुन्हा नोंदवावी लागते आणि त्यासाठी मूळ कार्यालयाची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागतो. शिवाय येथील एकरकमी कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. नव्या गाडीवर तो पेट्रोलसाठी ११ ते १३ आणि डिझेलसाठी १३ ते १५ टक्के आहे. कर्नाटकात भरलेल्या कराचा परतावा तिकडेच मागावा लागतो. हा सारा खर्च मांडल्यावर एमएच-१३ची थोडी महाग गाडीच बहुतेक वेळा स्वस्त पडते.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर नोंदणी नूतनीकरणाचाही विचार करावा. १ एप्रिल २०२२पासून खासगी मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर आणि तपासणीपूर्वीची दुरुस्ती वेगळी.