अमानत आणि तिची पात्र माणसे

सूरह अन्-निसाच्या ५८व्या आयतीत अल्लाहने अमानती त्यांच्या पात्र व्यक्तींच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला आहे. भाष्यकारांनी येथे अमानतीचा अर्थ ठेवीपुरता मर्यादित ठेवलेला नाही. पद आणि सार्वजनिक जबाबदारी यांचाही तीत समावेश केला आहे. आयत वाचताना आपले लक्ष सहसा सत्ताधाऱ्यांकडे जाते. परंतु पात्र व्यक्तीच्या स्वाधीन करायचे, तर आधी ती व्यक्ती शोधावी लागते, आणि हे शोधण्याचे काम समाजाचे आहे.

पैगंबर मुहम्मद (स.) यांची नजर अशी शोधक होती. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते, तरीही ते मुअज्जिन होते आणि पैगंबर (स.) मदीनेबाहेर असताना मागची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली गेली. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांची तल्लख बुद्धी किशोरवयातच हेरली गेली आणि त्यांना यहुद्यांची लिपी शिकण्यास सांगण्यात आले. मशिदीत झाडलोट करणाऱ्या स्त्रीची हदीस तर सर्वपरिचित आहे. तिचे निधन लोकांना कळविण्याजोगे वाटले नाही, पैगंबरांनी (स.) मात्र तिची विचारपूस केली आणि कबरीवर जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली.

येथे एक शंका उपस्थित होते. पद मागू नये, अशी ताकीद हजरत अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना देण्यात आली होती. उलट हजरत यूसुफ (अ.) यांनी भांडारांची जबाबदारी स्वतःहून मागितली. उलेमांनी याचा मेळ असा घातला आहे: मानासाठी पदाची हाव निषिद्ध, पण गरज असेल आणि अंगी क्षमता असेल, तर पुढे येणे वैध. व्यवहारात संकोची, ईशभीरू माणूस स्वतःहून पुढे येत नाहीच. म्हणून त्याला विचारणे इतरांवर येते.

आता आपल्या नागपूरकडे पाहू. २०११च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक, आणि महानगरपालिकेत नगरसेवकांच्या जागा १५१. मोमिनपुरा असो वा हसनबाग, नेतृत्वाची चर्चा निघाली की ती या १५१ जागांभोवती, फार तर मशिदीच्या विश्वस्तपदाभोवती फिरते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळातही शाळा व्यवस्थापन समित्या कायद्याने अस्तित्वात होत्या. आपण त्यांना नेतृत्व म्हणत नाही, इतकेच.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यातील कलम २१ प्रत्येक पालकाने समजून घ्यावे. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ते सांगते. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे. महानगरपालिकेच्या उर्दू शाळांनाही हे लागू आहे. (अल्पसंख्याकांनी चालविलेल्या अनुदानित शाळांत मात्र २०१२च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका केवळ सल्लागाराची आहे.) शिक्षकाची जागा रिकामी असेल, मुलींचे स्वच्छतागृह बंद असेल, तर ते लेखी मांडण्याचे पहिले व्यासपीठ हेच. घरी आलेल्या नोंदवहीवर न वाचता सही करणे ही खियानत आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. आपल्या लेकरांचे शिक्षण तेथे पणाला लागलेले असते.

रास्त भाव दुकानाच्या पातळीवर दक्षता समितीची तरतूद अन्नसुरक्षा कायद्यात आहे, तीही अशीच दुर्लक्षित.

या समित्यांत इतर धर्मांचे पालक व शेजारीही असतील. नुबुव्वतीपूर्वी मक्केत पीडितांच्या साहाय्यासाठी झालेल्या हिल्फुल फुजूल या करारात पैगंबर (स.) सहभागी होते, आणि नंतरही अशा कराराला बोलावले तर आपण होकार देऊ, असे ते सांगत. न्यायाच्या कामातील ही भागीदारी सुन्नतच होय.

पात्र व्यक्ती कोठे शोधायची? गल्लीत ज्यांच्याकडे बायका रेशनकार्डाचे अर्ज वाचून घेण्यास जातात, त्या आपाकडे. बचत गटाचा हिशेब बिनचूक ठेवणारीकडे. यंत्रमाग सुटला तरी लोकांचे तंटे ज्यांच्या ओट्यावर अजून मिटतात, त्या चाचांकडे. त्यांना आधी विचारावे. समितीची निवड केव्हा आहे, हे मुख्याध्यापकांकडून जाणून घ्यावे. आणि मातांना येता येईल अशी बैठकीची वेळ लेखी मागावी. जुम्याच्या नमाजनंतर ही तारीख जाहीर करण्याची विनंती इमाम साहेबांना करता येईल.