औषधनिर्माणशास्त्राचा प्रवेश आणि जागेची निवड

बारावी विज्ञानाचा निकाल हातीं पडला म्हणजे पुष्कळ घरांतून एकच प्रश्न ऐकूं येतो कीं, आतां पुढें काय? वैद्यकाचा रस्ता अरुंद, अभियांत्रिकीकडे गर्दी मोठी. तेव्हां कित्येक पालक 'मग फार्मसीला घालूं' असें म्हणून मोकळे होतात. हा 'मग' आम्हांस मुळींच पसंत नाहीं. औषधनिर्माणशास्त्र ही वैद्यक हुकल्यावर घ्यावयाची उरलीसुरली वस्तु नव्हे. तो एक स्वतंत्र व मोठ्या जबाबदारीचा व्यवसाय आहे, आणि त्याच्या दारांतून आंत शिरण्याचे नियमही स्वतंत्र आहेत. नेरे, जांबे, मारुंजी, कासारसाई ह्या बाजूच्या पालकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा बेतानें ते नियम, आणि त्याहून अधिक महत्त्वाचा असा निवडीचा विचार, येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. इंग्रजी अमदानींत औषध तयार करून देणारा मनुष्य म्हणजे दवाखान्यांतील कंपौंडर. तो डॉक्टरांच्या हाताखालीं पाहून पाहून शिके, खलबत्ता चालवी, बाटलीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवी, आणि त्याच्या ज्ञानाची परीक्षा बहुधा रोग्याच्या प्रकृतीवरच होई. १९३० सालीं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं औषधांच्या चौकशीसाठीं सरकारनें एक समिति नेमली, आणि ह्या धंद्याला शिकलेलीं माणसें पाहिजेत ही गोष्ट तिच्या अहवालानें सर्वांच्या नजरेस आली. त्याच सुमारास, १९३२ सालीं, प्रोफेसर महादेवलाल श्रॉफ यांनीं बनारस हिंदु विद्यापीठांत ह्या विषयाचें रीतसर शिक्षण सुरू केलें, व १९३७ सालीं तेथें पदवीचा अभ्यासक्रम निघाला. पुढें १९४८ सालीं फार्मसीचा कायदा झाला आणि १९४९ सालीं फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था अस्तित्वांत आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध बनविण्याचें व देण्याचें काम नोंदलेल्या फार्मासिस्टाखेरीज दुसऱ्या कोणीं करूं नये, असें ह्या कायद्याचें ४२ वें कलम सांगतें.

हा कायदा येथें कां सांगितला, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, ज्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमास ह्या कौन्सिलची मान्यता नाहीं, तेथें वर्षें घालवून मिळविलेल्या कागदावर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाहीं. २०१९ सालीं कौन्सिलनें नवीं महाविद्यालयें कांहीं वर्षें काढूं देऊं नयेत असें ठरविलें होतें. पण असा निर्बंध नुसत्या ठरावानें घालतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२२ मध्यें दिला. त्यानंतर महाराष्ट्रांत नव्या महाविद्यालयांची संख्या झपाट्यानें वाढली. नवें म्हणून वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु इमारत नवी व रंग ताजा एवढ्यावर भुलूं नये. चालू वर्षाची मान्यता आहे कीं नाहीं हें कौन्सिलच्या यादींत स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. कचेरींतील माणसाच्या 'येईलच हो' ह्या शब्दांवर विसंबूं नये.

आतां अभ्यासक्रमांकडे वळूं. बारावीनंतर मुख्य वाटा दोन. एक, दोन वर्षांची पदविका, म्हणजे डी. फार्म.; दुसरी, चार वर्षांची पदवी, म्हणजे बी. फार्म. (सहा वर्षांचा फार्म. डी. म्हणून तिसराही एक अभ्यासक्रम आहे, पण तो रुग्णालयाशीं जोडलेला असून त्याच्या जागा थोड्या. त्याचा विस्तार येथें करीत नाहीं.) पदविकेस बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि अभ्यासानंतर किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तास प्रत्यक्ष काम करावें लागतें. २०२२ सालच्या नियमांनीं पदविकाधारकांस नोंदणीपूर्वीं आणखी एक निर्गम परीक्षा सांगितली आहे, हेंही ध्यानांत असावें. औषधाचें दुकान चालविण्यास पदविका पुरते. परंतु सरकारी औषध निरीक्षकाची जागा पाहिजे असेल तर पदवीवांचून चालत नाहीं. पदविका झालेल्या विद्यार्थ्यास बी. फार्म. च्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेशाची सोय आहे, ही गोष्ट फार थोड्या पालकांस ठाऊक असते. हिशेब केला तर दोन आणि तीन मिळून पांच वर्षें होतात. सरळ पदवीपेक्षां एकच वर्ष अधिक, आणि मधल्या टप्प्यावर हातीं एक पोट भरण्याचें साधन. ज्या घरांत चार वर्षें थांबण्याइतकी ऐपत नाहीं, त्यांनीं ह्या वाटेस कमी लेखूं नये.

पदवीसाठीं मात्र राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे एम्. एच्. टी. सी. ई. टी., द्यावी लागते. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय सर्वांस. तिसरा विषय जीवशास्त्र किंवा गणित, म्हणजे दोहोंपैकीं कोणताही गट चालतो. एकूण गुण २००, आणि चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहींत. तेव्हां एकही प्रश्न कोरा टाकणें हा शुद्ध वेडेपणा होय. प्रश्नांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा अकरावीच्या अभ्यासावर असतो. अकरावी म्हणजे विश्रांतीचें वर्ष, ही समजूत ज्यांनीं करून घेतली आहे त्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.

निकाल गुणांत न सांगतां पर्सेंटाइल नांवाच्या मापांत सांगतात, आणि येथें घरोघर घोटाळा होतो. समजा, एखाद्या मुलीस ८५ पर्सेंटाइल मिळाले. ह्याचा अर्थ तिला शेंकडा ८५ गुण पडले असा नाहीं. परीक्षेस बसलेल्या दर शंभरांपैकीं ८५ जण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुणांचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शेजारच्या मुलाच्या बारावीच्या टक्क्यांशीं ह्या आंकड्याची तुलना करणें म्हणजे पायलीनें कापड मोजण्यासारखें आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. परदेशांत विद्यार्थी चार विद्यापीठांकडे अर्ज करतो, चारांचीं पत्रें येतात, आणि मग तो त्यांतून एक निवडतो. आपल्याकडील केंद्रीय प्रवेशपद्धतींत तसें होत नाहीं. येथें विद्यार्थ्यानें महाविद्यालयांचा पसंतीक्रम आधीं भरून द्यावयाचा, आणि गुणानुक्रमें प्रत्येक फेरींत त्यास एकच जागा मिळावयाची. म्हणजे निवड जागा मिळाल्यावर करावयाची नसून जागा मिळण्यापूर्वींच करावयाची असते. पुष्कळांचें नुकसान होतें तें हें न समजल्यामुळें.

एक उदाहरण घेऊं. नेऱ्यांतील एका शेतकऱ्याची मुलगी आहे असें समजा. भाताची थोडी जमीन, वडील जवळच्या हिंजवडींत एका कंपनीच्या गाडीवर चालक. तिच्या मनांत कऱ्हाडचें शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. अमरावती व छत्रपती संभाजीनगर येथेंही शासकीय महाविद्यालयें आहेत, पण पुण्याहून कऱ्हाड सुमारें १६० किलोमीटर, त्यांतल्या त्यांत जवळ. दुसरीकडे मारुंजी, ताथवडे, आकुर्डी, पिंपरी, निगडी येथें खासगी महाविद्यालयें आहेत. तेथें घरून जाऊन येऊन शिकतां येतें. कऱ्हाड आपल्याला कोठचें मिळणार, असें म्हणून ती भीतीनें जवळचें महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिते व कऱ्हाड तिसऱ्यावर. पहिल्या फेरींत तिला पहिली पसंती मिळते. आतां नियम असा कीं, पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. न घेतल्यास पुढील फेऱ्यांस मुकावें लागतें. तिच्या गुणांवर कऱ्हाडची जागा तिला मिळाली असती कीं नसती, हा प्रश्न यंत्रानें कधीं विचारलाच नाहीं, कारण तिनेंच तो विचारूं दिला नाहीं.

ह्याच्या उलट तिनें कऱ्हाड पहिलें, मग मनाजोगीं जवळचीं महाविद्यालयें, अशा क्रमानें लिहिलें असतें, तर तिचें कांहींच बिघडलें नसतें. वरची पसंती न मिळाल्यास यंत्र आपोआप खालची पाहतें. वरती अवघड नांव लिहिल्यानें खालच्या जागेवरील हक्क तिळभरही कमी होत नाहीं. खालच्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारून पुढील फेरींत वरचीची वाट पाहण्याची मुभा असते. मात्र वरची मिळतांच आधीची जाते व ती परत मागतां येत नाहीं. म्हणून, जेथें जावयाचेंच नाहीं असें नांव केवळ यादी लांब दिसावी म्हणून लिहूं नये. कितव्या फेरींत कितव्या पसंतीपर्यंतची जागा बंधनकारक, हा नियम सालोसाल बदलतो. त्या वर्षाची माहितीपुस्तिका बापानें व मुलीनें शेजारीं बसून वाचावी. मागच्या वर्षीं प्रवेश घेतलेल्या चुलतभावाचें ज्ञान येथें कामाचें नाहीं.

बरें, कऱ्हाडच पहिलें लिहावें असें आमचें म्हणणें आहे काय? सर्वांसाठीं नाहीं. शासकीय महाविद्यालयाचें शुल्क खासगीपेक्षां पुष्कळ कमी असतें. पण वसतिगृह, खाणावळ आणि सणासुदीस घरीं येण्याचा खर्च त्यांत मिळवावा लागतो. उलट जवळच्या महाविद्यालयाचें शुल्क अधिक, तरी मुलगी रात्रीं घरीं असते व भातलावणीच्या दिवसांत आईला हातभारही लागतो. शिवाय आपल्या पंचक्रोशीस एक लाभ आहे. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला व १९५५ पासून तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. औषधांच्या धंद्याशीं पुणें प्रांताचा संबंध तेव्हांपासूनचा. अभ्यासाच्या काळांत कारखाना पाहणें, तेथें कांहीं आठवडे काम शिकणें, ह्या गोष्टी अशा ठिकाणीं सुलभ होतात. ह्या दोन पारड्यांत कोणतें जड, हें ज्याचें त्यानें पाहावें. आमचें मत विचाराल तर, प्रयोगशाळा दोन्हीकडे सारख्या असतील तर जवळचें घ्यावें. सारख्या नसतील तर मुलीला दूर पाठविण्यास कचरूं नये.

शुल्काचा विचार करतांना २०२४-२५ पासून लागू झालेली एक सवलत विसरूं नये. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क राज्यशासन पूर्णपणें भरतें. पूर्वीं तें निम्मेंच भरलें जाई. अनुसूचित जातिजमातींसाठीं निराळ्या योजना आहेत. परंतु वरील सवलत मिळते ती केंद्रीय पद्धतीनें मिळालेल्या जागेवर. संस्थेच्या स्वतःच्या वांट्याच्या जागेवर, जिला लोक व्यवस्थापनाची जागा म्हणतात, ती मिळत नाहीं.

आणि नेमका हाच मोह आपल्या भागांत मोठा आहे. जमिनीला भाव आला, कोणाच्या हातीं चार पैसे खेळूं लागले. मग निकालापूर्वींच कोणीतरी भेटतो व सांगतो कीं, 'आतां थोडी रक्कम भरून जागा धरून ठेवा, मागाहून मिळणार नाहीं.' अशा वेळीं दोन गोष्टी स्मराव्या. ठरवून दिलेल्या शुल्काहून अधिक रक्कम प्रवेशासाठीं घेण्यास महाराष्ट्रांत १९८७ च्या कायद्यानें मनाई आहे. आणि खासगी महाविद्यालयाचें शुल्क किती, हें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें, दलाल नव्हे. मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला तर 'ठेवून जा' म्हणणाऱ्याच्या हातीं मुळींच देऊं नये. कागद अडकले म्हणजे मनुष्य अडकतो, आणि पुढच्या फेरींत चांगली जागा मिळूनही ती घेतां येत नाहीं. दुसरें असें कीं, फार्मसीचे प्रवेश कौन्सिलच्या मान्यता उशिरा येत असल्यानें अलीकडे पुष्कळदां अभियांत्रिकीच्या मागून होतात. हा उशीरच पालकांचा धीर सोडवितो. उशीर झाला म्हणून जागा संपल्या असें नसतें.

महाविद्यालय पाहावयास जावें तें सुटीच्या दिवशीं नव्हे, तर काम चालू असतांना. शिक्षक वर्गावर आहेत काय, प्रयोगशाळेंतील यंत्रांवर धूळ आहे कीं हाताच्या खुणा, औषधी वनस्पतींची बाग खरोखर राखलेली आहे कीं पाटीपुरती, हें पाहतां येतें. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यास बाजूला घेऊन, आठवड्यांत प्रात्यक्षिकें किती होतात एवढेंच विचारावें. छापील माहितीपत्रकांत जें नसतें तें तो दोन मिनिटांत सांगतो.

राहतां राहिले दाखले. जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी जिल्हा समितीकडे होते व तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावींत असतांनाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत द्यावा. नॉन-क्रिमिलेयरचा दाखला पुढील सालच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो. जुना दाखला दाखवून भागत नाहीं. उत्पन्नाचा, अधिवासाचा व हा दाखला ह्यांसाठीं आपल्या मुळशी तालुक्याची कचेरी पौडला आहे. निकाल लागल्यावर सारा तालुका एकदमच तिकडे लोटतो. म्हणून एप्रिल महिना उजाडतांच, परीक्षा आटोपून मुलें घरीं असतील तेव्हांच, हे अर्ज देऊन यावें, आणि पोचपावती गव्हाणींत कीं पेटींत कोठें ठेवली तें घरांतील दोघांना तरी माहीत असावें.